प्लास्टिकवरचं कुंकू

दादा,

तुझा तेरावा मंगळवारी झाला, पण प्रेअर मीटिंग लोकांच्या सोयीने आधीच्या शनिवारीच उरकून घेतली होती. फ्युनरल होमचा हॉल भरला होता आणि इथल्या मराठी मंडळाचे झाडून सगळे आजी-माजी अध्यक्ष बोलले. बोलले म्हणजे काय, प्रत्येकाने स्वतःबद्दल बोलून घेतलं आणि शेवटच्या वाक्यात तुझं नाव घातलं. एकाने तर तुला "दुर्मिळ अमेरिकन कॉमिक्सचे व्यासंगी संग्राहक" म्हटलं. व्यासंगी! मी पहिल्या रांगेत होते. मला हसू आवरेना, म्हणून तोंडावर टिश्यू धरला. मागच्या बायकांना वाटलं मी रडतेय, आणि एकीने माझ्या पाठीवरून हातही फिरवला.

तुझ्या संग्रहात एकच कॉमिक होतं, आणि ते तू पन्नास वर्षांत एकदाही वाचलं नव्हतंस. हे त्या हॉलमध्ये फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि तुझ्या निखिलला.

मलाही बोलायला पाच मिनिटं देऊ केली होती. मी नको म्हटलं. चाळीस वर्षं या देशात भूलतज्ज्ञ म्हणून काम केलंय, कोणाला काय आणि किती सोसेल ते मला कळतं. मी तोंड उघडलं असतं तर लोकांचं जेवणावरचं मन उडालं असतं. म्हणून आता घरी बसून लिहितेय. तुला उलट बोलता येणार नाही, याचा फायदा मी आयुष्यात पहिल्यांदाच घेतेय.

तर ते कॉमिक. तू या देशात आलास तेव्हा न्यूयॉर्कला, फ्लशिंगमध्ये, चौघांत एक खोली घेऊन राहायचास. रविवारी करायला काही नसे, मग तिथल्या मोठ्या पार्कात फिरायचास. त्या जागेवर एकोणचाळीस साली जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याची खूण म्हणून एक उंच टोकदार मनोरा आणि शेजारी एक प्रचंड पांढरा गोल उभारला होता. प्रदर्शन संपल्यावर दोन्ही पाडले आणि पोलाद लढाईच्या कामी गेलं. हे मला पाठ आहे, कारण तू ते मला निदान चाळीस वेळा सांगितलंयस आणि दर वेळी "पाडलं गं, सरळ पाडलं" म्हणताना घरचं कोणी गेल्यासारखा चेहरा केलायस. तू स्ट्रक्चरल इंजिनिअर. तुझी सगळी हळहळ पोलादासाठी राखून ठेवलेली. एकदा एका म्हातारीने घर आवरून फुटपाथवर सामान मांडलं होतं, त्यात तुला ते कॉमिक दिसलं. त्या प्रदर्शनातच विकायला काढलेलं, जाड पुठ्ठ्याच्या कव्हराचं. कव्हरवर पुढे अंगाला घट्ट कपडे घातलेला वीर, आणि मागे तो मनोरा, तो गोल. तू ते मनोऱ्यासाठी घेतलंस. वीराकडे ढुंकूनही बघितलं नाहीस.

पुढच्याच महिन्यात दसरा आला. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, तिच्यापुढे पुस्तकं मांडायची आणि त्या दिवशी ती वाचायची नाहीत, हे आईने आपल्या अंगात मुरवलेलं. तुझी पुस्तकं होती ऑफिसात. खोलीत होती आकडेमोडीची एक स्लाइड रूल, आणि हे कॉमिक. तू दोन्हींची पूजा केलीस. आईने डबीत भरून दिलेलं कुंकू पाण्यात कालवलंस आणि बरोबर त्या वीराच्या छातीवर बोट टेकवलंस. परक्या देशात एकटा मुलगा, पहिला दसरा, हाताशी दुसरं काही नाही. इथवर मी तुला माफ करते. तुझं ते पत्र आलं तेव्हा आई आणि मी दोघी रडलो होतो.

पण मग तुझी नोकरी वाढली, लग्न झालं, वेस्ट विंडसरला घर झालं, भिंतभर पुस्तकं झाली, तरी दर दसऱ्याला तेच कॉमिक पाटावर यायचं. ओल्या कुंकवाचं एक बोट, वर हळद, वर अक्षता. दसरा मधल्या वारी आला तर शनिवारी. त्या वीराचा छातीपासून गुडघ्यापर्यंत नुसता लाल चिखल झाला. एकदा तुझ्या ऑफिसातला एक गोरा, जुनी कॉमिक्स जमवणारा, मुद्दाम बघायला आला होता. बिचारा पांढरे हातमोजे घालून आला. त्याने कव्हर बघितलं आणि हातमोजे काढून खिशात ठेवले.

"व्हॉट इज द रेड स्टफ?" त्याने विचारलं.

"रिस्पेक्ट," तू म्हणालास.

हा किस्सा तू पुढे प्रत्येक पार्टीत सांगायचास आणि लोक वाहवा करायचे. मला तेव्हाच तुझा वीट आला होता. आत काय आहे ते उघडून बघायची तसदी घ्यायची नाही आणि वरून कुंकू फासायचं, हा कसला रिस्पेक्ट? हा सरळसरळ आळस आहे, फक्त त्याला उदबत्तीचा वास येतो. तुझ्या तोंडावर हे मी तेव्हाच सांगितलं होतं, त्यामुळे मेल्यावर बोलते असं म्हणू नकोस.

आणि घरात वाचणारा होता ना. निखिल तेव्हा नऊ वर्षांचा. त्याने देवघराच्या कपाटातून ते कॉमिक काढलं आणि बेसमेंटमध्ये पालथं पडून सगळं वाचून काढलं. मी आणि वहिनी किचनमध्ये होतो. तो जिन्यावरून धावत वर आला, कान लाल झालेले. "बाबा, लुक! ही हॅज यलो हेअर! दे प्रिंटेड इट राँग!" त्या वीराचे केस असतात काळे, आणि या अंकावर कोणाच्या तरी चुकीने झालेत पिवळे. किमतीवर दुसऱ्या कमी किमतीची चिकटपट्टी मारलीय, म्हणजे प्रदर्शनात ते धड खपतही नव्हतं, हेही त्यानेच शोधलं. तुला वीस वर्षांत जे दिसलं नाही ते त्या पोराला एका दुपारी दिसलं. यावर तू काय विचारलंस? "हात धुतले होतेस का?" मग त्याच्या हातातून ते घेतलंस, कपाटात ठेवलंस आणि किल्ली लावलीस. वर म्हणालास, "पूजेतलं पुस्तक वाचायचं नसतं."

अरे, त्या एका दिवशी वाचायचं नसतं! दुसऱ्या दिवशी पूजा उचलली की वाचायलाच असतं. मी तिथल्या तिथे म्हटलं. "तू मध्ये पडू नकोस," तू म्हणालास. आईने शिकवलेल्यातला तुला सोयीचा तेवढा अर्धा भाग तू उचललास आणि तो जन्मभर धरून बसलास.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. निखिल वहीच्या समासात चित्रं काढायला लागला, मग अख्ख्या वहीत, आणि दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून आर्ट स्कूलला गेला. वहिनीच्या पन्नाशीच्या पार्टीत, पन्नास माणसांसमोर, तुझ्या तोंडून ते वाक्य निघालं: "पँटवरून चड्डी घालणाऱ्या माणसांची चित्रं काढून कोणाचं पोट भरलंय?" निखिल ताट ठेवून उभा राहिला. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "यू प्रे टू वन, बाबा."

त्या सगळ्यांत मी एकटी हसले. मला अजूनही त्याबद्दल काही वाटत नाही. माझ्याशी तू दोन महिने बोलला नाहीस. त्याच्याशी अकरा वर्षं.

अकरा वर्षांनी वहिनी गेली. तो पोर्टलंडहून आला, सहा तासांचं विमान, आणि दारात उभा राहिला. तू त्याला काय विचारलंस आठवतंय? "पार्किंग मिळालं?" मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी होते. त्याने "येस" म्हटलं आणि बूट काढायला वाकला तो बराच वेळ वर आला नाही. तुला स्वतःचा एवढा अभिमान होता, दादा, पण त्या क्षणी तू मला अगदी क्षुद्र माणूस वाटलास.

त्याच्या पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं. त्याने तुला पोस्टाने पाठवलं, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. तू मला फोन करून नुसतं "ये" म्हणालास. मी गाडी काढून आले, तर डायनिंग टेबलवर ते जाडजूड पुस्तक, त्यावर तुझं आडनाव छापलेलं, वरून दुकानातलं प्लास्टिक घट्ट बसवलेलं, आणि समोर तू हात बांधून बसलेला.

"काय करू?" तू विचारलंस.

"प्लास्टिक फाड आणि वाच."

"दसऱ्याला दोनच महिने आहेत. पूजेत ठेवतो, मग वाचतो."

तुझी ही युक्ती मला तेव्हाच कळायला हवी होती. दसऱ्याला तू ते त्या जुन्या कॉमिकशेजारी मांडलंस. प्लास्टिकवर पाण्यातलं कुंकू ठरेना, ओघळून खाली यायला लागलं. माणसाला वाटेल, आता तरी याला अक्कल येईल. तू काय केलंस, कुंकू तुपात कालवलंस. ते बसलं घट्ट. असे सात दसरे. दर वर्षी मी म्हणायची, पूजा उचलली ना, आता वाच. दर वर्षी तुझं नवं काहीतरी. चष्म्याचा नंबर बदललाय. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. टॅक्सची कागदपत्रं संपू देत. मी तुला भित्रा म्हटलं, ढोंगी म्हटलं, एकदा तर इंग्रजीतून म्हटलं. तू हसून पानात आणखी श्रीखंड वाढायचास.

गेल्या दसऱ्याला मात्र तू हसला नाहीस. "त्यात मी असणार गं," म्हणालास.

"मग?"

"कसा असेन ते मला ठाऊक आहे."

मी काय बोलायला हवं होतं ते आता मला लख्ख दिसतं. मी बोलले ते असं: "असशीलच. तसाच वागलायस." तू मान डोलावलीस. तेव्हाच मी ते पुस्तक ओढून घेऊन नखांनी प्लास्टिक फाडायला हवं होतं. मी डबा भरून घेतला आणि घरी आले. तुझ्या खात्यावर मी जे काही चढवतेय, त्यात हे माझं आहे.

आणि मला खरा राग कशाचा येतो, सांगू? तुला वाचता येत नव्हतं असं नाही. मी इथे आले तेव्हा डॉक्टरकीच्या लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाले. परत जाते म्हणून बॅग भरली. तू आठवडाभर सुट्टी काढलीस, समोर बसलास आणि माझं औषधशास्त्राचं पुस्तक मला मोठ्याने वाचून दाखवलंस. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दोनदा. एका औषधाचं नाव तुला धड उच्चारता येत नव्हतं. मी चिडून दुरुस्त करायची आणि दुरुस्त करता करता मला ते पाठ व्हायचं. ती परीक्षा मी पास झाले ती तुझ्या भयंकर उच्चारांवर. बहिणीसाठी सातशे पानं कळो न कळो वाचणारा माणूस मुलाची दोनशे पानं, तीही चित्रांची, उघडत नाही. याला मी काय म्हणू? मला तुझी इतकी आठवण येते की हा प्रश्न मी चहा करताना मोठ्याने विचारते.

निखिल तुझ्या घरी आठ दिवस राहिला. गेल्या रविवारी त्याने देवघराचं कपाट उघडलं. मी सोफ्यावर तुझे स्वेटर घडी करत होते. तो हातात पुस्तक घेऊन आला.

"आत्या, इज धिस माय कॉपी? द वन आय सेंट?"

"हो."

"देअर्स कुंकू ऑन इट."

"पूजेत ठेवायचा. दर दसऱ्याला, त्या जुन्याच्या शेजारी."

त्याने अंगठ्याने प्लास्टिकची कड चाचपली. कुठे फाटलंय का, ते बघत होता. सगळीकडून फिरून अंगठा पुन्हा पहिल्या कोपऱ्याशी आला. "सो ही डिडन्ट रीड इट," तो म्हणाला. "ऑर डिड ही? मे बी ही बॉट अनदर वन?"

त्याचा चेहरा बघून कोणीही खोटं बोललं असतं. हो रे, किंडलवर वाचलं, असं म्हणायला मला काय जात होतं? पण तुझी बाजू सावरायचं काम वहिनीने तीस वर्षं केलं आणि त्यातून काय निष्पन्न झालं ते मी बघितलंय.

"नाही वाचलं," मी म्हटलं. "घाबरला होता."

"ऑफ व्हॉट?"

"तुझ्या पुस्तकात आपण कसे असू, याला."

तो हसला. हसत हसत कार्पेटवरच बसला आणि मग हसत नव्हता. मी खाली बसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चाळिशीचा घोडा, दाढीत पांढरे केस, आणि डोकं अगदी तुझ्यासारखं मागे चपटं. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. "अँड यू, आत्या? डिड यू?"

दादा, आता ऐक. मी त्या पुस्तकाच्या तीन प्रती घेतल्या होत्या. दोन वाटल्या. एक माझ्या कॉफी टेबलवर सात वर्षं आहे, आल्यागेल्याला दिसेल अशी, "माझ्या भाच्याचं पुस्तक" म्हणून. दर आठवड्याला तिच्यावरची धूळ मी स्वतः पुसते. उघडलं कधीच नाही. चित्रांची पुस्तकं वाचायचं आपलं वय नाही, असं माझं ठाम मत होतं. सात वर्षं तुला भित्रा म्हणणारी मी. माझ्या प्रतीवर कुंकू नव्हतं, एवढाच काय तो फरक.

"नाही," मी म्हटलं.

"ओके," तो म्हणाला. इथल्या मुलांचं हे ओके मला कधीच सहन झालेलं नाही. जाताना त्याने तुझी प्रत माझ्या हातात दिली आणि जुनं कॉमिक कुंकवासकट स्वतःच्या बॅगेत ठेवलं. "रीड इट ऑर डोन्ट," म्हणाला, पण विमानतळावर मिठी मारली ती सोडेना.

काल सकाळी मी ते प्लास्टिक फाडलं. बोटं लाल झाली. सकाळी आठला बसले ती दुपारी एकला उठले. पहिली वीस पानं आधी कुठली चौकट वाचायची हेच कळेना, डावी की खालची, तेव्हा मला स्वतःचीच कीव आली. मग जमलं. तुला तर आता ते वाचता यायचं नाही, म्हणून सांगते.

गोष्ट त्याच प्रदर्शनाची आहे. तोच मनोरा, तोच गोल, आणि जोड न् जोड असा काढलाय की तू भिंग घेऊन बसला असतास. झगे घातलेले बरेच वीर आहेत, उडतात, मुठी आपटतात. एक मुलगा आहे, तो अजून उडायला शिकतोय. आणि त्याचा बाप आहे. पँट छातीपर्यंत चढवलेली, खिशाला चार पेनं, हाफ स्वेटर. तू कोणाच्याही घरी गेलास की जिन्यावर पाय ठेवायच्या आधी कठडा गदागदा हलवून बघायचास ना? हा म्हाताराही प्रदर्शनातला प्रत्येक कठडा हलवत फिरतो आणि सगळे वीर त्याला हसतात. मग एके दिवशी माणसांनी भरलेला सज्जा खचायला लागतो. वीर उडत येऊन तो धरतात, पण नेमका कुठे धरायचा ते कोणालाच माहीत नसतं. म्हातारा खालून ओरडतो, "तिथे नाही! त्या जोडाच्या खाली!" आणि सज्जा राहतो. कोणी त्याचे आभार मानत नाही. तोही कोणाचं कौतुक करत नाही. मुलगा पहिल्यांदा उडून खाली उतरतो, तेव्हा हा वर बघून म्हणतो, "लँडिंग सुधारायला हवं."

मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग खूप रडले. खलनायक दुसराच कोणीतरी आहे रे, मिशीवाला. तू नाहीस. तू आहेस तसा आहेस, हेकट आणि कंजूष जिभेचा, पण तुझ्यावाचून त्या पुस्तकातलं काही उभंच राहत नाही. सात वर्षं तू ज्याला भ्यालास ते हे होतं. मूर्खा.

शेवटच्या पानावर मनोरा पाडलेला आहे, मोकळं मैदान आहे. एका बाकावर तू बसलायस, चष्मा कपाळावर सरकवून. मांडीवर कॉमिक उघडलेलं, ओठ थोडे विलग, आणि कसल्याशा पानावर हसतोयस. त्या चित्रात एक अक्षरही लिहिलेलं नाही.

मी निखिलला फोन लावला. वाचलं, म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "पँट, पेनं, कठडा, लँडिंग, सगळं ओळखलं मी. पण ते शेवटचं, बाकावर वाचत बसलेला. असा कधी बघितलास तू त्याला?"

"नेव्हर, आत्या," तो म्हणाला. "दॅट वन आय मेड अप."